घर न विकण्याबाबत आणि पूर्ण मात्रेबाबत

मी, फ्रीज आणि शीतपेट्या दुरुस्त करणारा, गल्लीत बर्फमास्तर म्हणून ओळखला जाणारा, वय चोपन्न, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आजार पोटात आहे, डोक्यात नाही. गोळीची गुंगी पूर्ण उतरल्याशिवाय मी लिहायला बसत नाही. कोणाची जबरदस्ती नाही. उलट हे लिहू नये म्हणूनच घरात जबरदस्ती चालू आहे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं सगळं जुन्या पुस्तकांतून आणि उघडून ठेवलेल्या यंत्रांतून शिकलो, कायदासुद्धा. तेव्हा एखादा शब्द जड वाटला तर तो मी समजून-उमजून घातला आहे असं धरावं. वकीलबाईंनी मसुद्यात एकच मोठी चूक काढली. ती पाचव्या कलमात येईल.

कलम पहिले. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचा पत्र्याचा आडोसा आणि रस्त्याकडची दुकानाची खोली, ही सर्व माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझ्या पश्चात ती पत्नीच्या एकटीच्या मालकीची होईल, आणि तिच्यानंतर मुलीच्या. मेहुण्याचा या मिळकतीशी काडीचाही संबंध नाही. हे वाक्य अनावश्यक आहे, असं वकीलबाई म्हणाल्या. मला ते आवश्यक वाटतं. मी केमोची सलाईन लावून दवाखान्यात पडलेलो असताना मेहुण्याने दलाल आणून घर दाखवलं. दलालाने दुकानाच्या भिंतीवर टिचकी मारली आणि ओल आहे म्हणाला. ती ओल नाही. त्या भिंतीला लागून शीतपेटी असते, भिंत गार पडते, आणि हवेतलं पाणी तिच्यावर धरतं. पेटी वीतभर पुढे ओढली की भिंत आठवड्यात कोरडी होते. हे इथे नमूद करतो.

कलम दुसरे. बचत. बँकेतली ठेव पत्नीच्या औषधांसाठी आहे आणि इतर कशासाठीही नाही. तिला तरुणपणापासून मधुमेह आहे, इन्सुलिनवर आहे, आता मूत्रपिंडंही थकत चालली आहेत. नीट सांभाळलं तर डायलिसिस पुष्कळ वर्षं लांबवता येईल, असं तिचे डॉक्टर सांगतात. नीट सांभाळणं म्हणजे रोजचं इन्सुलिन, रोजच्या गोळ्या, दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. हा खर्च दिसायला किरकोळ आणि संपता संपत नाही असा. माझ्या आजाराचं नाव काढलं की लोक डोळे पुसतात आणि पाकीट काढतात. तिच्या साखरेचं नाव काढलं की गोड कमी खा म्हणतात. वर्गणी कोणी काढत नाही. म्हणून तिची सोय मी केली आहे, आणि ती मोडू नये एवढीच माझी काळजी आहे. बाकी काळज्या आहेत, पण त्यांना कलम लागत नाही.

कलम तिसरे. हत्यारं. व्हॅक्यूम पंप, दाबाचे गेज आणि नळ्या झाळून जोडायची टॉर्च माझ्या माजी भागीदाराला द्यावीत. या माणसाने माझी गिऱ्हाइकं फोडली आणि समोरच्या फुटपाथवर माझ्यापेक्षा मोठी पाटी लावली. मी अकरा वर्षं त्याच्याशी बोललेलो नाही आणि बोलणारही नाही. पण तांब्याची नळी न करपवता झाळणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. हत्यारं न्यायला त्याने स्वतः यावं, माणूस पाठवू नये.

कलम चौथे. 'प्रतिसाद' या शब्दाबद्दल. पहिल्या दोन औषधांनी काम केलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी तिसरं, नवं इंजेक्शन सुचवलं. शंभरातले चाळीस रुग्ण त्याला प्रतिसाद देतात, असं ते म्हणाले. हिने ऐकलं की शंभरातले चाळीस बरे होतात. तिने भावाला तसं सांगितलं, भावाने गल्लीला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत लोक मला चाळिसात येण्याबद्दल शुभेच्छा द्यायला लागले. मी दुसऱ्या दिवशी एकटा परत गेलो आणि प्रतिसाद म्हणजे नेमकं काय ते विचारलं. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. गाठ फोटोत काही काळ लहान दिसते, त्याला प्रतिसाद म्हणतात, असं ते म्हणाले. आयुष्य किती वाढतं, असं विचारलं. सरासरी अडीच महिने. कोणाला जास्त, कोणाला काहीच नाही. डॉक्टर चांगला माणूस आहे. त्याने माझ्यापासून काही लपवलं नाही, हिच्यापासूनही नाही. शब्दच तसा आहे. हाक मारली आणि पलीकडून ओ आली असं वाटतं.

एका इंजेक्शनच्या पैशांत हिची चार वर्षांची औषधं येतात. विम्याची मर्यादा पहिल्याच औषधात संपली. इंजेक्शनच्या कंपनीची एक योजना आहे, पहिली चार इंजेक्शनं विकत घ्या, पाचव्यापासून मोफत. मेहुण्याला ती फार पसंत आहे. पाचव्यापर्यंत किती जण पोचतात, हेही मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडे. चार इंजेक्शनं म्हणजे हे घर.

कलम पाचवे, मूळ मसुद्याप्रमाणे: "माझ्या उपचारासाठी हे घर विकू नये, गहाण ठेवू नये, बचत मोडू नये." या एका वाक्यासाठी मी हा सगळा घाट घातला होता. वकीलबाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर बोलायला लागतं. तोवर ते मुकं. उपचार तर तुम्ही असतानाच व्हायचे ना?"

कायद्याचं पुस्तक मी तीनदा वाचलं होतं. हे तर त्याच्या पहिल्याच पानावर आहे. मी ते वाक्य पेन्सिलने अधोरेखितसुद्धा केलं होतं. मग मी विचारलं, घर आजच हिच्या नावाने करून दिलं तर? वकीलबाई म्हणाल्या, मग त्या उद्या विकतील. आणि माझ्या नावावर राहिलं आणि मी बेशुद्ध पडलो तर? तर घरचे कोर्टाची परवानगी मागू शकतील. कुठूनही गेलं तरी भोक तिथेच. शेवटी त्या म्हणाल्या, ज्यांना थांबवायचं आहे त्यांच्याशी बोला, कागदाशी नको.

मला बोलण्यापेक्षा लिहिणं जमतं. म्हणून मी पत्नी, मुलगी आणि मेहुणा यांना दुकानाच्या खोलीत बसवलं, वकीलबाईंना आणि साक्षीदारांना बोलावलं, आणि वरची कलमं मोठ्याने वाचून दाखवली. मेहुणा मध्येच म्हणाला की भावोजी, माणूस राहिला तर घरं पन्नास होतील. मी त्याला म्हटलं, पन्नास नको, हे एक राहू दे. तो वाईट नाही. त्याला बहीण एकटी पडलेली बघवणार नाही, आणि त्यावर त्याच्याकडे दलालाशिवाय दुसरा उपाय नाही.

वाचून झाल्यावर ही म्हणाली, "गिऱ्हाइकाला सांगता तसं सांगताय. कॉम्प्रेसर गेलाय, दुरुस्ती परवडणार नाही, नवा घ्या. तुम्ही काय फ्रीज आहात का हो?"

मी हिशेब पुन्हा सांगायला लागलो, तिची वर्षं आणि माझे महिने, तेवढ्यात मुलगी उठून आत गेली आणि इन्सुलिनची बाटली घेऊन आली. ती मला दाखवत म्हणाली, "बाबा, ही या महिन्यात संपायला हवी होती. आई निम्मंच टोचते. तुमच्या इंजेक्शनसाठी साठवतेय." मी ओरडायला तोंड उघडलं, तर ती आईकडे वळली. "आणि तू ऐक. बाबा दुखण्याची गोळी सुरीने अर्धी करतात. अर्धी तुझ्या औषधांच्या डब्यामागे ठेवतात. मी रोज दोघांचं बघते आणि गप्प बसते. आता नाही बसणार."

वकीलबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मेहुण्याने पाणी आणलं, ते कोणी प्यायलं नाही. आम्ही दोघं एकमेकांवर रागावलो होतो, आणि बरंच बोलून घेतलं, त्याचा इथे काही उपयोग नाही. रागाच्या शेवटी ती म्हणाली, "लिहा मग. मी पूर्ण टोचेन, तुम्ही पूर्ण गोळी घ्यायची. कण्हत बसून माझे पैसे वाचवायचे नाहीत." मी घराचं विचारलं. ती म्हणाली, "विकणार नाही. पण मी राजी नाही, हेही लिहा. उद्या कोणी म्हणायला नको की बायकोने सोडून दिलं."

वकीलबाईंच्या मते खालील कलमाला मृत्युपत्रात काही अर्थ नाही. तरी ते त्यांनीच नीट शब्दांत बसवून दिलं.

कलम सहावे. नवं इंजेक्शन घेतलं जाणार नाही. दुखणं कमी करण्याचे सर्व उपचार, घरी येणारी परिचारिका धरून, पूर्ण घेतले जातील आणि त्यात काटकसर होणार नाही. पत्नी तिचं इन्सुलिन, गोळ्या आणि तपासण्या यांतलं काहीही कमी करणार नाही. दोघांची औषधं मुलगी रोज तपासेल आणि तिला कोणी उलट बोलणार नाही. इतर कलमं माझ्या पश्चात लागू होतील. हे कलम आजपासून लागू आहे. घर न विकण्याच्या निर्णयास पत्नी राजी नाही, याची तिच्या सांगण्यावरून नोंद केली आहे.

स्थळ: राहत्या घराची दुकानाची खोली. दिनांक: वकीलबाईंनी शिक्क्याखाली घातलेला, आजचाच.

लिहून ठेवणार: बर्फमास्तर. सही.

साक्षीदार: शेजारचा घड्याळजी. सही.
साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. चष्मा लावून वाचून सही.

सहाव्या कलमापुरती सही, मुलगी.
सहाव्या कलमापुरती सही, पत्नी. राजी नाही.