चार तासांचा ब्रेड

४ जानेवारी १९९८, रविवार
विद्याताई मस्कतला परत गेली. जाताना ब्रेड करायचं मशीन ठेवून गेली. पांढरं, बादलीएवढं. "आता तू घरीच आहेस, तर बघ करून," म्हणाली. मनात काही नव्हतं तिच्या. तरी लागलं.
आई म्हणाली, "आरं, ह्यो कुकर हाय का काय?" बायकोचा, म्हणजे सु.चा प्रश्न, ठेवायचं कुठं. आमच्या ओट्यावर मिक्सरलाच जागा नाही. सध्या फ्रीजवर.

७ जाने., बुधवार
कंपनीला टाळं लागून तीन महिने. एकोणीस वर्षं बॉयलर हाउसमध्ये काढली. आता सु. पावणेनऊला बेलापूरला ऑफिसला जाते, मनू शाळेत, आई देवापुढे. घर खायला उठतं. करावे गावापर्यंत चालत गेलो, खाडी बघितली, परत आलो. फक्त साडेदहा वाजले होते.
मशीन खाली काढलं. चौकोनी पिनांचा प्लग आपल्या सॉकेटात जाईना. अर्धा तास त्यातच गेला. बरा गेला.

९ जाने., शुक्रवार
अ‍ॅडॉप्टर वाशीला मिळाला. ब्रेड फुगवायचं ईस्टसुद्धा तिथंच. नेरूळमध्ये मागितलं तर दुकानदार म्हणतो, "खायचा सोडा देऊ?"
पहिला ब्रेड म्हणजे वीट. मनू म्हणाली, "बाबा, ह्याच्यावर नारळ फोडू या." तिघी हसल्या. मीपण. बऱ्याच दिवसांनी.

१३ जाने., मंगळवार
पीठ मळलं जात असताना लाइट गेले. आले तेव्हा मशीन सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून. तो गोळा टाकवेना. आईने त्याच्या पोळ्या लाटल्या. जाड, आंबूस. "भाकरीला लाइट लागत न्हाई," एवढंच बोलली.

१९ जाने., सोमवार
जमला!
पाणी कमी केलं. दोन वाट्या मैदा, एक वाटी चक्कीची कणीक. झाकणाच्या काचेतून बघत बसलो, बॉयलरच्या गेजकडे बघायचो तसा. फुगत फुगत काचेजवळ आला. आईने चहात बुडवून दोन तुकडे खाल्ले.
मनू शाळेतून आली तेव्हा गरमच होता. तळाच्या तुकड्याला मळायच्या पात्याचं भोक पडतं, त्याला डोळा लावून माझ्याकडे बघत होती. मग खाता खाता म्हणाली, तिला गणित कळत नाही. सहावीपासून. आता नववी. मी शिफ्ट करून झोपायचो तेव्हा ही कोणाला सांगत होती?

२१ जाने., बुधवार
गायकवाडचा फोन. आमच्याच शिफ्टचा, आता वापीला असतो. तिथं बॉयलरवर माणूस हवाय. "साहेबांशी बोललोय मी. तू फक्त हो बोल. राहायचं इकडेच, महिन्यातून एकदा घरी."
विचार करतो म्हणालो. कसला विचार? तीन महिने ह्याच फोनची वाट बघत होतो.
सु.ला सांगितलं नाही. का ते...

२४ जाने., शनिवार
सु.चं हळदीकुंकू. मी आतल्या खोलीत पेपर घेऊन. मशीन नेमकं तेव्हाच पीं पीं करायला लागलं. शेजारच्या वहिनी मोठ्याने, "भावजी बेकरी काढतायत की काय?" बायका हसल्या. सु.चा आवाज आला नाही.
सगळ्या गेल्यावर म्हणाली, "ते माळ्यावर टाका. चार तासांत एक ब्रेड, चौघांत एका चहाला संपतो. खाली दुकानात हवा तेव्हा मिळतो. कशाला हवंय आपल्याला?"
"आईला आवडतो."
"त्यांना चहात बुडवून काहीही चालतं."
खरंय. 

२७ जाने., मंगळवार
तीन दिवस मशीन लावलं नाही. हाताला चैन नाही. गळका नळ काढला, बसवला, पुन्हा काढला. आई म्हणाली, "बस की जरा एका जागी."
मनू आल्या आल्या: "आज ब्रेड नाही?" नाही म्हटलं, तरी ब्रेड होईपर्यंत रोज गणितं करतो तशी वही घेऊन ओट्याशी उभी राहिली. सात गणितांतली चार बरोबर.

३० जाने., शुक्रवार
गायकवाडने पुन्हा फोन केला. सु.ने उचलला. त्याला वाटलं, हिला माहीत आहे. सगळं बोलला.
"नऊ दिवस झाले," ती म्हणाली. "ब्रेडसाठी थांबलात?"
"नाही गं."
"मग?"
शेवटी म्हणालो, "मनूचं गणित."
"आणि मी? मी एकटीने किती दिवस ओढायचं?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
गायकवाड सोमवारपर्यंत थांबणार आहे.

१ फेब्रु., रविवार
काल दिवसभर कामापुरतंच बोललो. आज सकाळी आई मनूला घेऊन देवळात गेली. सु. स्वयंपाकघरात आली, स्वतःच मशीन ओट्यावर घेतलं, मिक्सर खाली जमिनीवर ठेवला.
"दाखवा कसं करायचं ते."
दाखवलं. आधी पाणी, मीठ, साखर. वर पीठ. ईस्ट सगळ्यात शेवटी, कोरड्या पिठावर. ती कॅलेंडरच्या मागच्या बाजूला एकेक लिहून घेत होती.
"लिहून कशाला घेतेस? मी आहे ना."
पेन थांबलं. माझ्याकडे बघितलं. "आहात?"
मी ओट्यावर सांडलेलं पीठ पुसलं. तिने झाकण लावून बटण दाबलं.
मी इथं टेबलावर लिहितोय. ती अजून ओट्याला टेकून उभी आहे, काचेतून आत बघत. आत्ताच म्हणाली, "अहो, हे एका बाजूलाच गोळा होतंय. असंच असतं का?"
उठतो.