प्रश्न विचारून गप्प बसल्याबद्दल सुरेखामामीस

मस्तगड, जालना
गुरुवार

ती. सौ. सुरेखामामीस,

ज्या रागात असाल त्याच रागात आकांक्षाचा साष्टांग नमस्कार घ्यावा.

तुमची कंबर कशी आहे? मामांची शुगर? रविवारी आमच्या धावड्याच्या घरून परतूरपर्यंत तुम्हाला पाहुण्यांच्याच जीपमध्ये बसून जावं लागलं (आणि एवढ्या रस्त्यात कोणी कोणाशी शब्द बोललं नाही, असं मामांकडून कळलं), तेव्हा कंबर धरणारच. तुम्ही फोन उचलत नाही, मेसेजवर नुसत्या निळ्या खुणा येतात, म्हणून पत्र लिहिते आहे. मामा उद्या मोंढ्यात येणार आहेत, त्यांच्या हाती देईन. तुम्ही एवढं चांगलं स्थळ आणलं आणि मी बघण्याच्या कार्यक्रमात त्याची माती केली, हे कबूल. पण मामी, दोष माझा नाही, बी.एड.चा आहे.

बी.एड. म्हणजे फळ्यावर लिहायला शिकायचं, असं बाबांना अजून वाटतं. पहिलं वर्ष तर आम्ही एकमेकांनाच शिकवण्यात घालवलं. आमच्या वर्गातले राधेश्यामभाऊ (दोन लेकरांचे बाप, मिशा केवढ्या!) पाचवीतला मुलगा होऊन बाकावर बसत, मी त्यांना तीन पंचे किती ते विचारी, आणि पंधरा म्हणाले की “शाब्बास बाळा” म्हणावं लागे, नाही तर मार्क जात. खऱ्या शाळेत गेल्यावर मात्र माझा रोग उघडा पडला. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तरही मीच देऊन मोकळं व्हायचं. पोरं तोंड उघडेपर्यंत मी तिसऱ्या प्रश्नावर. सरांनी शेरा मारला की या पाठाला विद्यार्थ्यांची गरजच नव्हती. (रोग आजोळाकडून आला आहे, पण ते राहू द्या.) मग मला ताहेरा मॅडमच्या सातवीच्या वर्गावर निरीक्षणाला धाडलं.

निरीक्षण म्हणजे मागच्या बाकावर बसून नुसतं बघायचं, बोलायचं नाही. मॅडमनी विचारलं, दुपारी आपली सावली एवढीशी का होते? आणि गप्प उभ्या राहिल्या. पोरंही गप्प. मॅडमनी ओढणी सारखी केली, खिडकीबाहेर पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. मला घाम फुटला. शेवटी मागच्या बाकावरून मीच ओरडले, “सूर्य डोक्यावर येतो!” अख्खा वर्ग मागे वळला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बेटा, तुमको नै पूछी मैं.” नंतर त्यांनी समजावलं की सवाल केला की आपण चूप राहायचं, लेकरू तेव्हा विचारात असतं. आठवड्याने अफ्रीन नावाची मुलगी, जी वर्गात कधी बोलतच नाही, अशाच एका शांततेनंतर हळूच उठली आणि बराबर उत्तर देऊन बसली. मामी, मला रडू आलं. त्याच दिवशी ठरवलं की काही झालं तरी शाळेतच शिकवायचं.

आता रविवार. नवऱ्या मुलाने, हरिओमरावांनी, विचारलं, तुम्हाला कोणता विषय शिकवायला आवडतो? बाबा म्हणाले विज्ञान, भुजंगकाका म्हणाले सगळेच, आणि तुम्ही तर तिच्या पुरणपोळ्या फार मऊ होतात म्हणून सांगितलंत. मग रिवाजाप्रमाणे कोणीतरी म्हणालं, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या. यावर मुलीने मान हलवून नाही म्हणायचं असतं, हे मलाही माहीत आहे. पण मी विचारलं, लग्नानंतर मी शाळेत नोकरी केली तर तुम्हाला चालेल का? त्यांच्या आई, कौसल्यामावशी, म्हणाल्या, “आमचं काई म्हणणं न्हाई, पण...” आणि माझा हात आपोआप वर्गात जातो तसा वर गेला. “मावशी, थांबा, त्यांना विचार करू द्या.” पुढे मी चूप. सगळेच चूप. काकांचा पोह्यांचा चमचा हवेतच राहिला. तुम्ही माझ्या दंडाला काढलेला चिमटा अजून हिरवानिळा आहे. बऱ्याच वेळाने हरिओमराव म्हणाले, “विचार करून सांगतो.” मावशी उठल्या, चहा तसाच राहिला.

तर मामी, माफ करा. स्थळ मोडलं तर मोडू द्या, मला त्याचं बिलकुल दुःख नाही. दुकानदाराच्या घरात मला तरी कुठे जमलं असतं! मामांना उद्या मीच नमस्कार करेन.

तुमची अपराधी,
आकांक्षा

ता. क. हरिओमरावांचा काल फोन आल्ता. (नंबर आपल्या पप्पूने दिला, त्याला नंतर बघते.) म्हणाले, “मला असं कोणी इचारलंच न्हाई कधी, म्हणून वेळ लागला. नोकरी करा तुम्ही. पण आईला सांगायचं मला भेव वाटून राह्यलंय.” मला इतकं हसू आलं! मग त्यांनी विचारलं, तुमचं आमच्याबद्दल काय... आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी “हो” म्हणून बसले.

ता. क. दुसरा: बाबांना यातलं काही ठाऊक नाही, त्यांना हे सगळं तुमच्याच डोक्यातून निघाल्यासारखं सांगा. कौसल्यामावशींकडे मात्र आधी जा, आणि पोरगी नोकरी सोडणार नाही हे सरळ सांगा, आडवळणाने नको. मामी, मला तो माणूस आवडला आहे आणि मला शाळाही पाहिजे. दोन्ही पाहिजे. मावशी दोन्हीपैकी एकच घे म्हणाल्या, तर नकार कळवून या. रडायचं ते मी इथे रडेन.