राहिलेली प्रत

३ जुलै
आलो एकदाचा मंगळूरला! खिडकीतून बंदर दिसतं, चहाबरोबर गरमागरम गोळीबजे. आणखी काय हवं? घर मिळालं की बायकोला, नव्याला, आणि बाळाला कारकळहून घेऊन येणार. नोकरीच्या पहिल्याच दिवशी ऑफिसातल्या जयंतीअक्कांनी माझ्या कॉम्प्युटरवर सेटिंगच्या फायली उतरवल्या आणि बघता बघता रंग, अक्षरं, लघुरूपं सगळं तयार. फायली कोरगप्पा नावाच्या जुन्या माणसाच्या. ऑफिसात सगळे त्याच वापरतात. मी माझ्या आणल्यात म्हटलं, तर अक्का हसल्या. म्हणाल्या, अरे सुकेश, सासरी येताना कुणी चूल घेऊन येतं का?

७ जुलै
काय सोय आहे! 'ध' टाइप केलं की 'धन्यवाद, सुकेश' उमटतं. घरच्या लॅपटॉपवर आणि फोनवरही त्याच फायली घेतल्या. एकीकडे बदल केला की सगळीकडे होतो. नावाआधी टिंब असलं की फाइल नजरेआड राहते, तशा बऱ्याच होत्या. वाचल्या नाहीत. एवढं कोण वाचत बसतं?

१५ जुलै
आज 'धन्यवाद, कोरगप्पा' उमटलं. दुरुस्त केलं, दुपारी पुन्हा तेच. अक्कांना विचारलं, हे गृहस्थ नोकरी सोडून गेले कुठे? त्या म्हणाल्या, कुठले सोडतायत बाबा, त्या तुझ्याच खुर्चीत गेले.
मला नाही आवडलं हे.

१९ जुलै
सगळीकडच्या फायली पुसल्या. सकाळी परत हजर. एक जरी प्रत कुठे शिल्लक राहिली, तर तिथून बाकीकडे उतरतात, हे मला ठाऊक आहे. पण राहिली कुठे? वैताग आलाय, आणि खरं सांगायचं तर भीती वाटतेय.

२२ जुलै
आता वहीत लिहितोय. पेनने 'ध' काढला आणि हात आपोआप पुढे— धन्यवाद, कोरगप्पा.
प्रत माझ्यात आहे.

२३ जुलै
राजीनामा लिहायला घेतला. हात 'उद्या येतो' लिहितो. बसस्टँडकडे निघालो, पाय ऑफिसात घेऊन आले. अक्का म्हणाल्या, रमलास की रे!

२४ जुलै
नव्याने इथे यायचं नाही. तिच्यात उतरलं तर— बाळात—
फोन केला. येऊ नकोस म्हणायचं होतं, तोंडातून निघालं लवकर ये. ती केवढी खूश झाली. उद्याची पहिली बस म्हणाली. देवा!
पत्रच लिहितो. नव्या, लवकर ये. नाही, हे मी नाही— नव्या, ऐक, लवकर— नव्या, ल