पहिल्या रांगेतल्या आपण दोघी

बाई, काल लेकीचा फोन आला आणि तुमच्याशी बोलायचं राहून गेलेलं पुन्हा वर आलं. लेक आता फ्रान्समध्ये असते, ल्योंला. पाव-बिस्किटं भाजायचं शिक्षण घेते. तुम्हाला हसू येईल. मुरुडच्या आमच्या भट्टीतला पाव तुम्ही चहात बुडवून खायचात आणि म्हणायचात, "ह्यापुढे शिकण्यासारखं काय उरलंय?"

तिथे तिला एक मैत्रीण मिळालीय. काळी मुलगी, त्याच शहरात जन्मलेली. तिचे आजोबा सेनेगलहून तिथल्या कारखान्यात कामाला आले होते. रस्त्यात लोक दोघींना विचारतात, तुम्ही कुठल्या? लेक मुरुड सांगते, ते कुणाला माहीत नसतं, विषय संपतो. मैत्रीण म्हणते, इथलीच. मग पुढचा प्रश्न येतो, हो, पण मूळची कुठली? "अम्मी, इथल्या सरकारी कागदावर कुणाचा रंग विचारतच नाहीत," लेक सांगत होती. "सगळे नुसते फ्रेंच. पण स्टेशनवर पोलीस एवढ्या गर्दीतून हिलाच थांबवतात." मी विचारलं, "आणि तुला?" ती म्हणाली, "मी तिच्याच बरोबर असते ना. मलापण."

मला गेल्या महिन्यातली होडी आठवली. पाहुण्यांना जंजिरा दाखवायला निघाले होते. गाईड आमच्या सिद्दींचं सांगत होता, आफ्रिकेतून आलेले दर्यावर्दी, त्यांची शान, त्यांच्या तोफा. होडीतले सगळे कान देऊन ऐकत होते. आणि समोर बसलेली एक पर्यटक माझ्या कुरळ्या केसांकडे बघत इंग्रजीतून विचारते, कोणत्या देशातून आलात? मी म्हटलं, "त्या समोरच्या बंदरावरनं. भट्टी हाय आमची, जाताना पाव घेऊन जा." होडीवाला इतका हसला की सुकाणू धरायचं विसरला. मीही हसले. घरी आल्यावर मात्र बराच वेळ आरशासमोर उभी होते.

तशीच सातवीच्या फोटोच्या दिवशी उभी होते. पावडरचा अर्धा डबा तोंडावर, मानेवर, हातांवर रिकामा केला होता. शाळेच्या दारातच तुम्ही मला अडवता. "भट्टीवर निघालीस की शाळेत? हे पीठ कसलं?" नळावर नेऊन तुमच्या पदराने माझं तोंड खसखसून पुसता. व्हरांड्यात फोटोवाला दिवा लावून तयार आहे. तो म्हणतो, "बाई, हिला मागं घ्या. पुढं काय दिसायची न्हाय ती." तुम्ही खुर्चीवरून न उठता म्हणता, "दिसत नसेल तर दिवा हलवा. मुलगी हलणार नाही." आणि मला शेजारी उभं करून खांद्यावर हात ठेवता. मागून कुणीतरी कुजबुजतं, "आता शाळेचा फोटो भाजला." सगळी रांग हसते.

ही गोष्ट ऐकून लोक म्हणतात, केवढ्या मोठ्या मनाच्या बाई. पण त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. मला मागेच उभं राहायचं होतं. दिसायचं आहे का, हे तुम्ही मला विचारलं नव्हतं. फोटो हातात आल्यावर मी त्यातून स्वतःला कात्रीने कापलं आणि तो तुकडा भट्टीत टाकला. तुम्हाला सांगितलं, फोटो पाण्यात पडला. तुम्ही कपाटातून तुमची प्रत काढून दिलीत. "घे. कोण कुठे उभं होतं ते माझ्या लक्षात आहे."

तुम्ही गेलात तेव्हा आम्ही जुन्या मुली म्हसळ्याला तुमच्या घरी आलो होतो. तुमच्या मुलाने विचारलं, "आईचा शाळेतला एखादा फोटो आहे का कुणाकडे? आमच्याकडे एकही नाही." मी म्हटलं, बघते. बघायचं काही नव्हतं. तुम्ही दिलेली प्रत माझ्याच कपाटात होती.

लेकीच्या वर्गात प्रत्येकाला घरचा एक फोटो दाखवायचा होता, म्हणून मी तिला मोबाइलवर तो पाठवला. काल तिचा फोन आला तो त्याबद्दलच. "अम्मी, माझी मैत्रीण विचारते, खुर्चीवर बसलेली माझी आजी का? म्हणते, तुम्ही दोघी सारख्याच दिसता."

मी फोटो काढून बघितला. इतकी वर्षं त्यात मी फक्त मलाच बघत आले होते. दिवा हलवूनही फार काही झालं नव्हतं, माझे डोळे आणि दात तेवढे आलेत. पण बाई, तुमचंही तेवढंच आलंय. तळा गावच्या शाळेत शिकताना तुम्हालाही कायम मागच्या बाकावर बसवायचे, हे तुम्ही एकदा पाव खाता खाता सांगितलं होतं आणि मी नुसतं ऐकून घेतलं होतं. तुम्ही मला पुढे आणलंत असं मी समजत आले. कदाचित त्या रांगेत तुम्हाला एकटीला बसायचं नव्हतं.

उद्या म्हसळ्याला जाऊन फोटो तुमच्या मुलाला देईन. कात्रीचंही सांगेन. हे पत्र मात्र देणार नाही, कारण त्यात पुढची ओळ आहे. लेकीला मी म्हटलं, "हो, माझी आईच, असं सांग तिला." पाण्यात पडलेल्या फोटोनंतर तुमच्या बाबतीत हे माझं आणखी एक खोटं, आणि ह्या वेळी मला दुरुस्त करायचं नाहीये.