घोडीला ब्रेक नसतो

सौ. विहीणबाई यांना सप्रेम नमस्कार.

आम्ही तिघंही इथे सुखरूप आहोत. (हे वाक्य मुद्दाम पहिलं घातलं. तुम्ही पत्राचा शेवट आधी वाचता असं तुमच्या मुलीकडून कळलंय. या वेळी तरी कृपा करून वरून खाली वाचा.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? व्याहींचा खोकला थांबला का? घरात सगळं ठीक असेल असं धरून चालते, कारण तुमच्या निरोपात घरचं काहीच नव्हतं, सगळं माझ्याबद्दलच होतं. तो निरोप तुम्ही मला, तुमच्या मुलीला आणि तुमच्या जावयांना वेगवेगळा पाठवलात. त्यामुळे मी तो एकदा वाचला आणि दोनदा ऐकला. "माझ्या मुलीला समुद्रात कशाला घातलंत?" हा तुमचा सवाल. फोनवर उत्तर दिलं असतं, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. हॉटेलच्या टेबलाच्या खणात कोरे कागद सापडले, म्हणून लिहायला बसले. आधीच सांगून टाकते, मी माफी मागणार नाही. झालं ते जसंच्या तसं लिहिते, मग तुम्हीच काय ते ठरवा. (तुम्ही ते आधीच ठरवलं असेल, तरीही.)

तुमच्या जावयांनी (म्हणजे माझ्या मुलाने, पण गेले तीन दिवस तो मला तुमचा जावईच जास्त वाटतोय) सहलीचं वेळापत्रक घरूनच छापून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला 'समुद्रकाठाने घोड्यावरून फेरी, मार्गदर्शकासह', आणि पुढे कंसात 'आम्ही दोघं'. त्याखाली 'आई: छत्रीखालची खुर्ची'. विहीणबाई, मी एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. दोन न्यायाधीश, एक हाडांचे डॉक्टर आणि आगीच्या बंबावरचा एक ड्रायव्हर माझ्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याला आता आठ महिने झाले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, नजर ठणठणीत आहे. पण तुमचे जावई म्हणतात, "आई, आता पुरे," आणि गाडीची किल्ली त्यांच्या खिशात. काय पुरे, किती पुरे, ते सांगत नाहीत. घरात मी मागच्या सीटवर बसते आणि सिग्नल हिरवा झाला की मनातल्या मनात पहिला गियर टाकते. इथे चार दिवस मोकळं वारं खायला आले, तर इथेही खुर्ची!

पण पहिल्याच दिवशी तुमचे जावई "थोडंसं ऊन घेतो" म्हणत उघड्या अंगाने वाळूत पालथे झोपले ते थेट जेवणाच्या वेळेपर्यंत. संध्याकाळी पाठ अशी लाल झाली की चादरीचा काठ लागला तरी किंचाळत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पलंगावर पालथे, पाठीवर ओला टॉवेल, आणि घोड्यावरची त्यांची जागा रिकामी. मी सहालाच आंघोळ करून, बूट घालून दारात उभी होते. तुमची मुलगी म्हणाली, "आपण रद्दच करूया ना, आई." आता बोलायला हरकत नाही, तुमची मुलगी गुणी आहे, कामसू आहे, पण चार वर्षांत मी तिला कुणाची तरी बाही धरल्याशिवाय रस्ता ओलांडताना पाहिलेलं नाही. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला ती अर्ध्या जिन्यातून परत येते. (हे तुमच्याकडून आलंय. दोष देत नाही, मूळ सांगते.) मी म्हटलं, तू नुसती सोबत चल, काठावर उभी राहा. तिथे गेल्यावर तिला काठावर एकटीनं उभं राहायचीही भीती वाटली, म्हणून ती घोड्यावर बसली. तेव्हा मी तिला घोड्यावर घातलं हा तुमचा पहिला आरोप इथेच गळून पडतो.

घोडेवाल्यांचं ठिकाण म्हणजे नुसतं एक पत्र्याचं छप्पर, खाली चार-पाच घोडी, आणि खिळ्याला अडकवलेली हेल्मेटं. मार्गदर्शक पन्नाशीचे, उन्हाने करपलेले, एका वेळी चारच्या वर शब्द न बोलणारे. डोक्यावर गवताची टोपी, म्हणून आम्ही त्यांना टोपीवाले म्हणतो. त्यांनी एक फॉर्म भरायला दिला. त्यात 'अनुभव किती वर्षांचा' असा रकाना होता. मी लिहिलं, 'एकतीस. एकही अपघात नाही.' कशाचा अनुभव, हे विचारलेलंच नव्हतं. टोपीवाल्यांनी फॉर्म वाचला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागच्या बाजूने एक पांढुरकी, पोट सुटलेली घोडी आणली. मला तिच्यावर चढवताना त्यांनी आपला खांदा लावला. (तो खांदा ते नंतर बराच वेळ चोळत होते, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही आणि मीही बोलणार नाही.)

वर बसल्यावर मी आधी पाय ठेवायच्या रिकिबी नीट करून घेतल्या, कारण सीट पुढेमागे केल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही हा माझा नियम. मग विचारलं, "ब्रेक?"

"लगाम मागे ओढा."

"आणि पाय?"

"पाय काहीच करत नाहीत."

एवढंच लक्षात ठेवायचं होतं. पण शिकवणीच्या गाडीत मी डावीकडे बसत असे, आणि माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक असे. हात मांडीवर, तोंडाने सूचना, आणि उजवा पाय सदैव तयार. त्या पायाने किती म्हशी, किती सायकली, किती भिंती वाचवल्या त्याला गणती नाही. तो पाय मला विचारून काही करत नाही. आधी दाबतो, मग कळवतो.

निघालो तेव्हा पुढे टोपीवाले, मध्ये तुमची मुलगी, मागे मी. उजवीकडे माडांची रांग, डावीकडे समुद्र, खाली ओली, घट्ट वाळू. इतकं छान वाटलं म्हणून सांगू! आठ महिन्यांनी काहीतरी माझ्या हातात होतं. तुमची मुलगी मात्र पोत्यासारखी बसली होती, म्हणून मी मागून सांगत होते, खांदे सैल सोड, जवळ बघू नकोस, लांब बघ. टोपीवाले मागे वळून म्हणाले, "बाई, शिकवायचं काम माझं." मी म्हटलं, "मग शिकवा ना!" त्यावर त्यांनी टोपी पुढे ओढली. तेवढ्यात त्यांचा घोडा निसर्गाच्या हाकेसाठी अचानक थांबला. मागे अंतर ठेवायची पद्धत घोड्यांत नाही. तुमच्या मुलीचा घोडा थांबला आणि माझ्या उजव्या पायाने ब्रेक दाबला.

विहीणबाई, घोडीला ब्रेक नसतो. उजवी टाच बरगडीत बसली की ती डावीकडे सरकते, आणि भराभर सरकते, हे मला नंतर कळलं. डावीकडे समुद्र. ती वळली, मी ब्रेक दाबला. ती पाण्यात शिरली, मी आणखी जोरात दाबला. मी जितकी थांबवत होते तितकी ती उत्साहाने चालत होती. पाणी बुटांत आलं, मग गुडघ्याला लागलं. मागून टोपीवाल्यांचा आवाज आला, "टाच..." आणि पुढचं लाटेने खाल्लं. (पुढचे शब्द 'लावू नका' असे होते म्हणे.) मला वाटलं, टाच लावायला सांगताहेत. मी दोन्ही लावल्या.

शेवटी ती थांबली ती पाणी तिच्या पोटाला लागल्यावर, आणि अशी थांबली की जणू घरी पोचली. काम संपलं की तिला रोज त्याच जागी आंघोळ घालतात. ती आंघोळीची वाट बघत उभी राहिली. लगाम ओढला, तिने जांभई दिली. मी गोड बोलले, रागावले, शिकवणीतला खास आवाज काढला, ज्या आवाजाला एक न्यायाधीश रडले होते. तिने नुसता एक कान हलवला. टोपीवाले काठावर घिरट्या घालत होते, कारण त्यांचा घोडा नवा होता आणि पाण्याला बुजत होता, आणि उतरून त्याला सोडावं तर तो पळाला असता. लाटा मोठ्या नव्हत्या, पण प्रत्येक लाट माझ्या मांडीपर्यंत येऊन परत जात होती. खरं लिहायचं तर माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. पोहता येत नाही, उतरता येत नाही. पहिल्यांदा मनात आलं की मुलगा म्हणतो तेच बरोबर असेल, आता पुरे.

आणि मग तुमची मुलगी घोड्यासकट पाण्यात आली. मी तिला बोलावलं नव्हतं, टोपीवाल्यांनी तर "नको!" म्हणून ओरडून सांगितलं होतं. (हा तुमचा दुसरा आरोप. तोही गेला.) लगाम बेताने धरलेला, टाचा बाहेर, नजर लांब. चेहरा पांढराफटक होता, पण हात थरथरत नव्हते. ती माझ्या शेजारी आली, वाकून माझ्या घोडीचा लगाम घेतला आणि म्हणाली, "आई, पाय सोडा. काही करू नका. नुसत्या बसा."

एकतीस वर्षांत मला असं कुणी सांगितलं नव्हतं. मुलाने सांगितलं असतं तर मी तिथेच पाण्यात भांडले असते. पण मी पाय सोडले आणि नुसती बसले. तिने जिभेने टक्क असा आवाज केला, आणि ती हट्टी घोडी निमूटपणे वळली. काठाला लागल्यावर वाटलं, आता ही उतरेल आणि रडेल. तिने माझा लगाम टोपीवाल्यांच्या हातात दिला, आपला घोडा वळवला आणि ओल्या वाळूवरून दुडक्या चालीने लांबवर घेऊन गेली. परत येताना ती मोठ्यांदा ओरडत होती. मी घाबरून विचारलं, काय झालं? तर काही नाही, तिला ओरडावंसं वाटलं. टोपीवाल्यांनी टोपी काढली आणि चारपेक्षा जास्त शब्द बोलले. म्हणाले, "या बाईंचे हात चांगले आहेत. हे शिकवून येत नाही."

हे चालू असताना तुमचे जावई आरडाओरडा ऐकून गॅलरीत आले आणि मदतीला यायच्या ऐवजी त्यांनी फोटो काढला, तोच तुम्हाला मिळाला. त्यात तुमची मुलगी पाण्यात दिसते आणि मी फोटोच्या कडेबाहेर राहिल्यामुळे दिसत नाही. आम्ही खोलीवर आलो तेव्हा पाठीवरचा टॉवेल सावरत त्यांनी निकाल दिला, "उद्यापासून दोघीही खुर्चीत."

तुमची मुलगी केसांतली वाळू झटकत होती. तिने वर न बघता सांगितलं, "मी उद्या परत जाणार आहे. आईही येतील."

"मी नाही म्हणालो तर?"

"तर तुझं नाश्त्याचं ताट इथे कोण आणून देणार ते बघ."

आम्ही परत गेलो, पुढचे दोन्ही दिवस गेलो. तुम्ही तिला सव्वीस वर्षं जपलंत, मी चार वर्षं तिला भित्री म्हणून बाजूला ठेवलं, आणि दोघींनीही तिच्या हातात कधी काही देऊन पाहिलं नाही. मी माझ्यापुरतं बोलते, तुमचं तुम्ही बघा. पण समुद्रात घातल्याबद्दल माफी? मुळीच नाही. पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा ब्रेक दाबीन.

व्याहींना नमस्कार. गोळ्या वेळेवर घ्या.

आपली,
विहीण

ता. क. पत्र तुमच्या मुलीने वाचलं. तिच्या सांगण्यावरून एक दुरुस्ती: माझी घोडी सव्वीस वर्षांची आहे आणि सात वर्षांखालच्या मुलांसाठी राखीव आहे. आज तिच्यावर एक चार वर्षांची मुलगी बसली होती आणि फेरी पूर्ण करून आली. त्या मुलीला ड्रायव्हिंगची सवय नव्हती, हे लक्षात घ्यावं.

दुसरा ता. क. आता कामाचं. काल तुमच्या मुलीने मला विचारलं, "मला गाडी शिकवाल?" विहीणबाई, हे ती चार वर्षांत कधी बोलली नव्हती. माझी शिकवणीची गाडी विकली गेली, घरच्या गाडीची किल्ली तुमच्या जावयांच्या खिशात आहे. तुमच्याकडे व्याहींचा गुडघा धरल्यापासून गाडी कव्हराखाली उभी आहे, आणि घरामागे गोदामाचं मोकळं आवार आहे. दर गुरुवारी दुपारी चार ते पाच आम्ही दोघी तुम्हाला भेटायला येऊ. तुमच्या जावयांना एवढंच कळेल की विहिणींचं फार जमतंय. त्यांचा आधी विश्वास बसणार नाही, म्हणून तुम्ही अधूनमधून फोनवर माझं कौतुक करत जा. चालवेल ती, मी डावीकडे बसेन. तुमच्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही, ते एका अर्थी बरंच आहे. मी दाबला तरी काही होणार नाही.

तिसरा ता. क. फाटकाजवळच्या कुंड्या बुधवारीच आत घेऊन ठेवा. तिच्यासाठी नव्हे. पहिल्या दिवशी गाडी फाटकातून मलाच बाहेर काढावी लागेल.