रबराची घोरपड

११ फेब्रुवारी १९६८, रविवार. पाली

आई आज सिनेमात मेली!

मुंबईची कंपनी आलीय. राजगडाखालच्या ओढ्यात अजस्र घोरपड राहते आणि माणसं खाते, असा सिनेमा. घोरपड रबराची, आत घामाघूम झालेला माणूस. आई म्हणाली, "घोरपड मानसाला खाती व्हय? म्या तर उलटंच बगितलंय!" सगळी वस्ती हसली.

माणसं पाटलांनी निवडून दिली. त्यांच्या घरच्या मुली हिरॉइनच्या मैत्रिणी. आमची बौद्धवस्ती — जंगली टोळी! अंगाला काजळी, वर गोणपाट, डोक्यात पिसं. आई गव्हाळ, म्हणून तिला दोनदा फासली. बोलायचं काय, तर "हू हू". आणि सगळ्यांच्या आधी मरायचं.

मी शाळेत शिकवते म्हणून मला सोडलं. काठावर उभी राहून नुसती चिडत होते. आई मात्र खुशीत. "जाई, आपून शिणिमात दिसनार!"

१२ फेब्रुवारी

कालचं एक राहिलंच. मेल्यावर निपचित पडायचं होतं. शेजारच्या अंबूमावशीचं गोणपाट मांडीवर सरकलं. आईनं मेल्या मेल्या हात लांबवून ते खाली ओढलं! डायरेक्टर ओरडला. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच!

"अहो बाई, तुम्ही मेलाय!"

आई डोळे मिटूनच — "मेलं म्हून काय झालं? बाईमानसाला उगडं टाकायचं व्हय?"

वस्तीत कुणी बाई गेली की आधी तिचं लुगडं सारखं करतात. त्यासाठी बोलावणं आईलाच येतं. त्या साहेबाला हे कुठून कळणार! शेवटी म्हणाला, जाऊ द्या, तेवढं कापून टाकू.

२० ऑगस्ट

आई गेली. तापानं. लुगडं मी सारखं केलं.

५ सप्टेंबर

घरात तसबीर एकच, बाबासाहेबांची. आईची नाही. कोण काढणार होतं? आठवायला बसले की नाक आठवतं, हसणं आठवतं, पण सगळं मिळून चेहरा होत नाही. भीती वाटते. तो सिनेमा तरी यावा. एकदा बघू दे मला तिला.

१६ नोव्हेंबर

वेल्ह्याच्या बाजारात विचारलं. नाही आला.

५ एप्रिल १९६९

भोरच्या तंबूत लागलाय! पोस्टरवर हिरॉइन, घोरपड, बंदूकवाला हिरो. आम्ही नाही. नसू दे. उद्या दुपारच्या एस.टी.नं अंबूमावशीला घेऊन निघते. मुक्काम मावसबहिणीकडे.

६ एप्रिल. भोर

पडद्यावर सगळे सारखेच काळे. मावशीला स्वतःचीच ओळख पटेना. "ती म्या का गं? का रखमाजीची सून?" मी एकेक तोंड शोधत होते, तोवर घोरपड आली. रबराची आहे हे ठाऊक असूनही मी डोळे मिटले. आई पुन्हा मरताना बघवेना. उघडले तेव्हा आम्ही संपलो होतो.

पुढं सगळी काळजी शहरातल्या माणसांची. हिरोला खरचटलं तरी गाणं! आमची अख्खी टोळी खाल्ली, त्याचं कुणाला काही नाही. आमच्यातल्या एकाला तरी नाव द्यायचं होतं, निदान चेहरा धुवून द्यायचा होता. फार चीड आली. आईला बघायला गेले आणि रिकाम्या हातानं आले.

७ एप्रिल

शाळेत रजा टाकली. पुन्हा गेलो. डोळे उघडे ठेवले.

कापलं नव्हतं! मेलेल्यांच्या ढिगातून एक हात आला आणि त्यानं शेजारणीचं गोणपाट खाली ओढलं. तंबू खो खो हसला. मी उभी राहून ओरडले, "आई!"

अंबूमावशीनं बसल्या जागी आपलं लुगडं गुडघ्याखाली ओढलं.