आमचा चौकोन हिरवा निघाला

न्यू टाउन, कोलकाता
१४ सप्टेंबर

ती. सुधाताईस,

वैदेहीचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण उजव्या गुडघ्यामुळे तो सध्या घालता येत नाही आणि जे करता येत नाही ते लिहावं कशाला, म्हणून उभ्यानेच घातलेला मानून घे. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? भाऊजींची नवी कवळी बसली का? आम्ही दोघं ठीक. विवेक बँकेतून आठला येतो आणि कराडला बदली कधी मिळेल ते विचारतो, जणू ती मीच देणार आहे.

तुझी श्रुती खुशाल आहे. (हे मला ऐकून कळतं, बघून नाही. का, ते पुढे येईल.) तू शेजारणींना सांगतेस की लेक डास मोजायला कोलकात्याला गेली. तसं सांगू नकोस. डास आधी बगळ्याला नाहीतर डुकराला चावतो, तिथून विषाणू उचलतो आणि मग माणसाला चावतो, त्यातून मेंदूज्वर होतो. पाखरं, डुकरं, डास आणि माणसं कुठे फार जवळ येतात त्याचा ती नकाशा करते. सगळ्या भागाचे चौकोन पाडलेत. धोका जास्त तो लाल, कमी तो हिरवा.

तर गेल्या महिन्यात एका रविवारी ती आमचा चौकोन तपासायला येणार होती. भाची पहिल्यांदा घरी येणार, तीही तपासायला! आपल्या आईने शिकवलंय तेच मी केलं. घर आवरलं. कुंड्यांखालच्या बशा ओतून घासल्या. मग वाटलं, पोरगी इमारतीमागच्या तळ्याशीही जाईल, म्हणून माळ्याच्या मागे लागून तिथली जलपर्णी काढून घेतली आणि बगळ्यांनी घाण केलेला कठडा धुऊन घेतला. त्या गडबडीला कंटाळून बगळेही गेले. श्रुती आली, तासभर फिरली, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, “मावशी, तुझ्याकडे माझ्या कामाचं काहीच नाही गं.” आमचा चौकोन हिरवा. दोन थालिपीठं खाऊन गेली.

गेली ती शैलाकडे. शैला म्हणजे आपल्या महाराष्ट्र मंडळातली, तीन पिढ्या इथल्याच, बंगाली अशी बोलते की मासेवाला तिला ताजं काढून देतो आणि मला वरचं. तिचं घर पाणथळीच्या कडेला. मागे तळं, तळ्यावर बांबूचं बेट, बेटावर शंभरेक बगळे, पलीकडे कुणाची तरी डुकरं. म्हणजे सगळं सुख एकाच ठिकाणी! तिचा चौकोन लालभडक. श्रुतीने तिच्या व्हरांड्यात डासांचा सापळा टांगलाय. तो संध्याकाळी लावायचा, सकाळी काढायचा, म्हणून आठवड्यातले चार दिवस मुक्काम तिथेच. तिला ‘शैलामाशी’ म्हणते. (इथे मावशीला तसंच म्हणतात, मी चौकशी केली.) आमच्याकडे घातलेल्या गादीची चादर मी तीनदा बदलली, कुणी न झोपताच. मेंदूज्वराच्या धोक्याचा हेवा करणारी बाई जगात दुसरी असेल का, असं त्या दिवशी डायरीत लिहिलं. उत्तर लिहिलं नाही.

आता कबुली. मी डास पाळले नाहीत. मी फक्त बशा ओतायचं थांबवलं. (या दोन्हींत फरक आहे की नाही यावर डायरीची तीन पानं गेली. नाही.) दहा दिवसांनी बशीत वळवळ दिसली, तशी मी अभिमानाने श्रुतीला फोन केला. ती धावत आली, वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. म्हणे हे डेंग्यूचे, वेगळे. यांना बगळा लागत नाही, माणूस पुरतो. तिच्या नकाशाला निरुपयोगी आणि विवेकला मात्र घातक! सगळ्या बशा तिने ओतल्या आणि घासायला बसली. तोंडाने मला बोलत होती. मी शेजारी उभी राहून पाणी देत होते. ताई, खरं सांगते, महिन्याभरातला तेवढाच तास ती माझी होती.

मग तिने विचारलं, “मावशी, त्या रविवारी एक थेंब नव्हता, आणि आता एवढे?” मला खोटं बोलता येत नाही, हे तू जाणतेस. जलपर्णी, कठडा, बगळे, सगळं सांगितलं. तिने हातातली बशी खाली ठेवली आणि वही काढून त्या रविवारचं पान उघडलं. माझ्या आवराआवरीमुळे तिच्या नकाशात एक खोटा हिरवा चौकोन बसला होता. उद्या त्याच्या भरवशावर कुणी इथे निष्काळजी राहिलं असतं तर?

मोठ्यांना नमस्कार सांग. लहान आपल्याकडे आता कुणी उरलं नाही.

तुझी,
वैदेही

ता. क. श्रुतीने आमचा चौकोन रद्द केला. आता जलपर्णी वाढली आणि बगळे परतले की आमच्या बाल्कनीत सापळा लावून पुन्हा मोजणार. चार दिवस मुक्काम आमच्याकडे! अट एकच, मी कशालाही हात लावायचा नाही.

ता. क. २. माझ्यावर भरवसा नाही म्हणून लक्ष ठेवायला शैलालाही मुक्कामाला आणते म्हणते. शैला लगेच हो म्हणाली. ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणते, हाच तिचा दोष. तेव्हा ताई, तू श्रुतीला फोन करून, आपल्या मनाने सांगितल्यासारखं, सांगशील का, की लहानपणापासून वैदेही दिलेला शब्द मोडत नाही, राखणदाराची गरज नाही? मीच सांगितलं असतं, पण मघा म्हटलं ना, मला खोटं बोलता येत नाही.

ता. क. ३. पाकीट आणायला गेले तेव्हा तळ्याच्या कडेला थोडीशीच जलपर्णी उगवलेली दिसली. काढली. हात आपोआप गेला. फोन लवकर कर.